संगणकाच्या विजेचा काटा

बीड जिल्ह्यातल्या माणसाला काटा म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्या गावागावांतून ऊसतोडीचे कोयते बाहेर पडतात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, हेही तुम्हांला ठाऊक आहे. दिवसभर राबून ही जोडी साधारण दीड-दोन टन ऊस तोडते, मोळ्या बांधते, गाडी भरते. आणि शेवटी सगळा हिशेब येऊन थांबतो तो कारखान्याच्या वजनकाट्यापाशी. घाम कितीही गळलेला असो, मजुरी मिळते ती काट्यावर उमटलेल्या आकड्याची. म्हणून जाणता तोडकरी काट्याकडे पाहताना दोन प्रश्न मनात धरतो. काटा कुणाचा? आणि वजनात काय धरले, काय सोडले?

आज मला तुमच्याशी बोलायचे आहे ते संगणकाबद्दल. संगणक किती वीज खातो आणि त्या विजेपायी किती धूर आकाशात जातो, हे मोजणारी सॉफ्टवेअरे, म्हणजे आज्ञावल्या, आता निघाल्या आहेत. त्यांतल्या काही फुकट मिळतात आणि शाळेतल्या संगणकावरही चालू शकतात. पण त्यांनी दाखवलेला आकडा वाचताना तोडकऱ्याचे तेच दोन प्रश्न विचारावे लागतात.

कुणी म्हणेल, "अहो, संगणकाचा कुठं धूर निघतो? आमच्या पिठाच्या गिरणीचा आवाज तरी येतो. हे यंत्र तर गुपचूप बसलेलं असतं." बरोबर आहे. संगणकाच्या खोलीत धूर दिसत नाही. तो दिसायचा असेल तर परळीला जावे लागेल.

परळी वैजनाथचे औष्णिक वीजकेंद्र 1971 पासून आपल्या जिल्ह्यात उभे आहे. सुरुवातीचे लहान संच केव्हाच निवृत्त झाले. आज तेथे अडीचशे मेगावॅटचे तीन संच आहेत. कोळसा रेल्वेने दूरच्या खाणींतून येतो. पाणी गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्यातून घेतात. आणि पाणी आटले की काय होते, हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे. 2013 च्या दुष्काळात पाण्याअभावी हे केंद्र बंद ठेवावे लागले. 2015 च्या जुलैपासून पुन्हा तीच पाळी आली. जळायला कोळसा होता, यंत्रे जागेवर होती, माणसे कामावर होती. पण पाणी नव्हते, म्हणून वीज नव्हती. वीज म्हणजे पाणीच, हे दुसऱ्या एखाद्या जिल्ह्याला पुस्तकातून शिकावे लागेल. आपल्याला ते दुष्काळाने शिकवले आहे.

आता हिशेबाला लागू. विजेच्या बिलावर आपण युनिट हा शब्द वाचतो. एक हजार वॅटचे उपकरण एक तास चालले म्हणजे एक युनिट वीज खर्च झाली. कोळशावर एक युनिट वीज काढायला आपल्या देशात साधारण साडेसहाशे ते सातशे ग्रॅम कोळसा जाळावा लागतो. पाण्याचे म्हणाल, तर केंद्र सरकारच्या पर्यावरण मंत्रालयाने डिसेंबर 2015 मध्ये जुन्या औष्णिक केंद्रांना मर्यादा घालून दिली ती दर युनिटमागे साडेतीन लिटरांची. म्हणजे एका युनिटमागे जवळजवळ चार तांबे पाणी.

आणि धूर? येथे शिक्षक बंधुभगिनींनी मुलांना एक गंमत जरूर दाखवावी. सातशे ग्रॅम कोळसा जाळला तर सातशे ग्रॅमांपेक्षा जास्त वायू कसा निघेल, असे मुले विचारतील. आपल्याकडच्या कोळशात राखच पुष्कळ, तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक. खरा कर्ब त्यात पाव किलोच्या थोडा वर धरा. पण कर्ब जळताना हवेतला प्राणवायू ओढून घेतो. बारा ग्रॅम कर्बाला बत्तीस ग्रॅम प्राणवायू चिकटतो आणि चव्वेचाळीस ग्रॅम कार्बन डायऑक्साइड तयार होतो. वजन पावणेचार पटींच्या आसपास वाढते. त्यामुळे कोळशाच्या एका युनिटमागे जवळजवळ एक किलो वायू आकाशात जातो. तो दिसत नाही, त्याला वास नाही, पण तो पृथ्वीभोवती गोधडीसारखा राहतो आणि उष्णता अडवून धरतो.

परंतु आपल्या शाळेतली वीज परळीचीच असते असे समजू नये. परळीची, कोयनेची, चंद्रपूरची, सौरपट्ट्यांची आणि आपल्या बालाघाटाच्या माळावरच्या पवनचक्क्यांची वीज एकाच मोठ्या हौदात पडते, आणि त्या हौदातून सगळ्यांना मिळते. म्हणून हिशेब करताना हौदाची सरासरी धरतात. ही सरासरी केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी काढून जाहीर करते. गेल्या काही वर्षांत ती एका युनिटमागे सुमारे सातशे ग्रॅम कार्बन डायऑक्साइड अशी आहे. सातशे ग्रॅम हा आकडा ध्यानात ठेवा. पुढच्या सगळ्या भाषणाचा तोच आधार आहे.

समजा, एका शाळेत दहा संगणक आहेत. पडद्यासकट एकेक संगणक ऐंशी वॅट घेतो असे धरू. म्हणजे छताच्या जुन्या पंख्याइतका. रोज तीन तास तास चालतात. दहा संगणकांचे रोजचे 2.4 युनिट झाले. त्यापायी 1 किलो 680 ग्रॅम वायू गेला. वर्षाचे दोनशे दिवस शाळा धरली, तर 480 युनिट आणि 336 किलो वायू. ही सगळी वीज कोळशाची असती, तर पाणी लागले असते वर्षाला 1,680 लिटर, रोजचे आठ लिटर.

हे ऐकून कुणी मुख्याध्यापक संगणकाची खोली कुलूपबंद करतील, तर माझे भाषण फुकट गेले असे मी समजेन. रोजचे 2.4 युनिट म्हणजे किती? विहिरीवरची पाच अश्वशक्तीची मोटर जेमतेम अर्ध्या तासात तेवढी वीज घेते. एवढ्या खर्चात तीस-चाळीस लेकरांना नवी विद्या मिळत असेल, तर तो खर्च नव्हे, पेरणी आहे. आक्षेप घ्यायचा तो पेरणीवर नाही. वाटेत सांडलेल्या बियाण्यावर घ्यायचा. मधल्या सुट्टीत आणि शाळा सुटल्यावर तेच दहा संगणक नुसते उजेड पाडत दोन तास चालू राहिले, आणि कामावाचून एकेकाने पन्नास वॅट घेतले, तर रोज एक युनिट वाया जाते. वर्षाचे दोनशे युनिट, 140 किलो वायू. त्यातून एक अक्षरसुद्धा कुणी शिकलेले नसते.

आता मुख्य गोष्टीकडे वळू. आज्ञावली हे मोजते तरी कसे? संगणकाच्या आत काही कुणी वीजमंडळाचा माणूस बसलेला नसतो.

संगणकाच्या पोटात जी मुख्य चिप असते, तिच्यातच एक बारीक गणक बसवलेला असतो. इंटेल कंपनीने 2011 पासूनच्या आपल्या चिपांत तो बसवला, पुढे इतरांनीही बसवला. मोटारसायकलवर किलोमीटरचा आकडा जसा पुढे पुढे सरकतो, तसा हा गणक चिपने किती ऊर्जा घेतली ते अगदी लहान मापांत मोजत पुढे सरकतो. आणि शेवटच्या आकड्यापर्यंत गेला की पुन्हा शून्यापासून सुरू होतो. आज्ञावली ठराविक वेळाने येऊन हा आकडा वाचते. आताच्या आकड्यातून मघाचा आकडा वजा केला, की मधल्या वेळात किती ऊर्जा गेली ते कळते. आपला मीटरवाचक महिन्याने येतो, ही दर काही सेकंदांनी येते, एवढाच फरक.

अशा आज्ञावल्यांत कोडकार्बन नावाची एक आहे. कॅनडा, अमेरिका आदी देशांतल्या संशोधकांनी 2020 मध्ये ती सर्वांना मोफत खुली केली. ती न सांगितल्यास दर पंधरा सेकंदांनी नोंद घेते. चिपची ऊर्जा वाचते, स्मृतीचा अंदाज धरते, चित्रांसाठी वेगळी चिप असेल तर तिचाही आकडा घेते. सगळ्यांची बेरीज युनिटांत करते, आणि त्या बेरजेला आपल्या देशातल्या विजेच्या सरासरीने गुणून किती किलो वायू गेला ते लिहून ठेवते. त्याआधी, 2007 मध्ये, पॉवरटॉप नावाची आज्ञावली आली होती. कोणता कार्यक्रम संगणकाला उगीचच जागे ठेवतो, ते ती दाखवते.

गुणाकार इयत्ता पाचवीचा आहे. पण पाचवीच्या गुणाकारातही आकडे कोणते घेतले यावर उत्तर अवलंबून असते. म्हणून आपला पहिला प्रश्न: वजनात काय धरले, काय सोडले?

चिपमधला गणक चिपपुरतेच पाहतो. पडदा त्याला दिसत नाही. पंखा दिसत नाही. भिंतीतली वीज संगणकाच्या कामाची करणारी पेटी स्वतः जी वीज गरम होऊन घालवते, ती दिसत नाही. आणि आपल्या भागात घरोघरी, शाळोशाळी असलेला इन्व्हर्टर किंवा यूपीएस, जो बॅटरी भरताना आणि रिकामी करताना आपला वाटा कापून घेतो, तोही दिसत नाही. समजा, मुलांनी गुणपत्रकाची बेरीज करणारा एक कार्यक्रम दहा मिनिटे चालवला आणि चिपने बारा वॅट घेतले. आज्ञावली सांगेल, युनिटाचा पाचशेवा भाग खर्च झाला, दीड ग्रॅमाच्या आत वायू गेला. पण भिंतीतून त्याच दहा मिनिटांत ऐंशी वॅटांनी वीज ओढली गेली. म्हणजे खरा वायू नऊ ग्रॅमांच्या वर गेला. आज्ञावली खोटे बोलली नाही. तिने मोळी वजन केली, गाडी केली नाही.

दुसरी अडचण अशी, की काही संगणकांवर हा गणक वाचताच येत नाही. 2020 च्या नोव्हेंबरात संशोधकांनी दाखवून दिले, की हा आकडा बारकाईने पाहत राहिले तर संगणकातली गुपितेसुद्धा ओळखता येऊ शकतात. तेव्हापासून त्यावर पहारा बसला. ज्याच्या हाती संगणकाच्या कारभाराची किल्ली आहे, त्यालाच तो वाचू देतात. किल्ली नसली की आज्ञावली अंदाजावर जाते. कारखानदाराने चिपवर जी कमाल उष्णतेची संख्या सांगितलेली असते, तिच्यावरून ती ठोकताळा बांधते. उभ्या पिकाकडे बांधावरून पाहून एकरी उतारा सांगावा, तसे ते आहे. जाणत्याचा अंदाज बरा येतो, पण तो काटा नव्हे.

मग ही आज्ञावली निरुपयोगी का? मुळीच नाही. घरातली पायली प्रमाणित नसली, थोडी लहान असली, तरी त्याच पायलीने दोन राशी मोजल्या तर मोठी कोणती हे खरे कळते. तसेच येथे आहे. एकाच संगणकावर एकच काम दोन रीतींनी करून पाहा. हजार नावांच्या नोंदवहीतून एक नाव शोधायचे आहे. एक रीत अशी, की पहिल्या पानापासून प्रत्येक नाव तपासत जायचे. दुसरी अशी, की नावे आधी अक्षरक्रमाने लावून मध्यावर उघडायचे आणि पुढे का मागे हे पाहत निम्मे निम्मे सोडत जायचे. पहिल्या रीतीत हजार वेळा पाहावे लागेल, दुसऱ्या रीतीत दहा वेळांत नाव सापडते. हेच काम लाखो वेळा करायला लावले, की आज्ञावलीच्या आकड्यांत फरक स्वच्छ दिसतो. नीट विचार करून लिहिलेला कार्यक्रम कमी कोळसा जाळतो, हे मुलाला फळ्यावर सांगून पटणार नाही. आकडा पाहून पटते.

आता तिसरी गोष्ट. तुम्ही आज्ञावलीला देश कोणता सांगितला? कारण हौद वेगळा, तर गुणाकार वेगळा. याचे एक चांगले उदाहरण आहे. ब्लूम नावाची एक मोठी भाषा-आज्ञावली आहे. तिला शेहेचाळीस भाषा शिकवल्या, आणि त्यांत आपली मराठीही होती. हे शिक्षण 2022 मध्ये फ्रान्समधल्या एका महासंगणकावर झाले. त्याला सुमारे 4 लाख 33 हजार युनिट वीज लागली. ती मोजली, गुणाकार केला आणि उत्तर आले सुमारे 25 टन वायू. फ्रान्सची बहुतेक वीज अणुशक्तीची, म्हणून युनिटमागे वायू थोडा. तेवढीच वीज आपल्या हौदातून घेतली असती तर? 4 लाख 33 हजार गुणिले सातशे ग्रॅम. तीनशे टनांच्या वर. काम तेच, वीज तेवढीच, आणि वायू बारा पट.

या हिशेबाचे मला कौतुक वाटते ते आणखी एका कारणासाठी. तो मांडणारे संशोधक 25 टनांवर थांबले नाहीत. यंत्रे नुसती चालू ठेवायला लागलेली वीज आणि ती यंत्रे बनवताना गेलेला वायू हेही त्यांनी मिळवले, आणि सांगितले की सगळे धरून आकडा 50 टनांच्या आसपास जातो. दोन्ही आकडे त्यांनी छापले. काय धरले आणि काय सोडले हे जो स्वतःच सांगतो, त्याच्या काट्यावर विश्वास ठेवावा.

येथून आपण दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. काटा कुणाचा?

आपल्या हातातल्या फोनवर आपण भाव पाहतो, हवामान पाहतो, मुले धडे पाहतात. फोन स्वतः फारच थोडी वीज घेतो. पण ते चित्र, तो धडा जिथून येतो ती संगणकांची गोदामे वेगळीच आहेत. त्यांना डेटा सेंटर म्हणतात. आपल्या राज्यात नवी मुंबईकडे ऐरोली-रबाळे भागात अशी मोठी गोदामे उभी आहेत. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजाप्रमाणे 2024 मध्ये जगभरच्या अशा गोदामांनी मिळून जगातल्या विजेपैकी सुमारे दीड टक्का वीज घेतली, आणि 2030 पर्यंत त्यांची भूक दुपटीहून अधिक होईल. आपल्या शाळेतली आज्ञावली तिथपर्यंत पाहू शकत नाही. तिथला मीटर गोदामाच्या मालकापाशी असतो, आणि तो सांगेल तोच आकडा.

2025 च्या ऑगस्टमध्ये गूगल कंपनीने असा एक आकडा सांगितला. त्यांच्या जेमिनी या यंत्रबुद्धीला लेखी प्रश्न विचारला, तर सर्वसाधारण एका प्रश्नामागे सुमारे पाव वॅट-तास वीज लागते आणि 0.03 ग्रॅम वायू जातो, असे ते म्हणाले. आकडा जाहीर केला ही चांगलीच गोष्ट झाली. इतर पुष्कळांनी तेवढेही केलेले नाही. पण आपण गुणाकार शिकलो आहोत. तेवढीच वीज आपल्या हौदातली धरली, तर वायू येतो 0.17 ग्रॅम, पाच-सहा पट. फरक कशाचा? कंपनीने जी स्वच्छ वीज करार करून विकत घेतली, तिची वजावट तिने आपल्या हिशेबात धरली आहे. ती रीत मान्य आहे, लपवलेलीही नाही. पण काटा कुणाचा आहे, हे विचारल्यावाचून दोन कंपन्यांचे किंवा दोन देशांचे आकडे शेजारी ठेवू नयेत, एवढे यातून समजावे.

यासाठी मापाची सर्वमान्य रीत असावी, असा प्रयत्न चालू आहे. 2021 मध्ये ग्रीन सॉफ्टवेअर फाउंडेशन नावाची संस्था निघाली. तिने ठरवलेले माप 2024 मध्ये आंतरराष्ट्रीय मानक म्हणून स्वीकारले गेले. त्याचे सार शेतकऱ्याला चटकन कळेल. किती क्विंटल झाले हे विचारून भागत नाही, एकरी किती झाले हे विचारावे लागते. तसेच येथे. विजेचा वायू घ्या, त्यात यंत्र बनवताना गेलेल्या वायूचा वाटा मिळवा, आणि सांगा की दर कामामागे किती. दर विद्यार्थ्यामागे, दर दाखल्यामागे, दर निकालपत्रामागे किती. आणि कुणी झाडे लावली, दुसरीकडे भरपाई केली, म्हणून हा आकडा कमी दाखवता येत नाही. तो कमी करायचा तर खरोखरच वीज कमी लागली पाहिजे, किंवा स्वच्छ वीज लागली पाहिजे, किंवा यंत्र जास्त दिवस टिकले पाहिजे.

यंत्र बनवतानाचा वायू ही काही चिल्लर बाब नाही. एक साधा लॅपटॉप तयार होऊन आपल्यापर्यंत येईतो सुमारे दोनशे ते तीनशे किलो वायू गेलेला असतो. आपण तो वापरायच्या आधीच! म्हणून चालता संगणक तीन वर्षांत टाकून नवा घेण्यापेक्षा त्यात स्मृती वाढवून, झाडूनपुसून, सहा-सात वर्षे वापरणे हे साधारणपणे शहाणपणाचे. अपवाद एक. जुना, पाठीमागे पोट असलेला, काचेच्या नळीचा पडदा अजून कुठे असेल, तर तो साठ-ऐंशी वॅट घेतो. नवा सपाट पडदा पंधरा-वीस वॅटांत भागवतो. तेथे मात्र जुने धरून बसण्यात अर्थ नाही.

आता शिक्षकांनी शाळेत काय करावे? मी तीन प्रयोग सुचवतो. पैसे एकालाही लागत नाहीत.

पहिला प्रयोग, रात्रीचा. शाळा सुटताना मीटरवरचा आकडा मुलांकडून वहीत लिहून घ्यावा. सकाळी शाळा उघडताना पुन्हा लिहावा. शाळा बंद असताना किती युनिट गेले? काहीतरी गेलेले दिसेलच. मग कोण खाल्ले ते शोधावे. बाहेरचा दिवा, यूपीएस, झोपेचे सोंग घेतलेले संगणक, भिंतीत तसेच राहिलेले चार्जर. आठ दिवस एकेक करून बंद ठेवावे आणि आकडा कसा उतरतो ते पाहावे.

दुसरा प्रयोग, लाल दिव्याचा. विजेच्या इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकतो. एका युनिटाला तो किती वेळा लुकलुकतो, हे मीटरवरच छापलेले असते. समजा 3,200 लिहिले आहे. मुख्याध्यापकांच्या परवानगीने बाकीची बटणे बंद करावीत आणि एकच संगणक चालू ठेवावा. दहा मिनिटांत दिवा किती वेळा लुकलुकला ते मुलांनी मोजावे. ऐंशी वॅटचा संगणक असेल तर सुमारे त्रेचाळीस वेळा. त्याच दहा मिनिटांत आज्ञावलीने काय आकडा दाखवला, तो शेजारी लिहावा. दोन आकड्यांत जे अंतर पडेल, तेच आज्ञावलीने सोडलेले. मीटरला किंवा तारांना कुणीही हात लावायचा नाही, दुरून मोजायचे.

तिसरा प्रयोग लॅपटॉपचा. चार्जर काढून टाकावा आणि लॅपटॉप बॅटरीवर चालवावा. बॅटरी स्वतः किती रिकामी झाली, याचा अहवाल बहुतेक लॅपटॉप देतात. यात पडदाही धरलेला असतो, म्हणून हे माप चिपच्या गणकापेक्षा पुरे. पडद्याचा उजेड पूर्ण ठेवून अर्धा तास, आणि निम्मा करून अर्धा तास, असे दोनदा पाहावे. मुले स्वतःच उजेड कमी करू लागतील. सांगायची गरज पडणार नाही.

या तीन प्रयोगांचे आकडे भिंतीवर एका तक्त्यात लावावेत. युनिट, वायू आणि पाणी असे तीन रकाने करावेत. पाण्याचा रकाना विसरू नका. वायू दिसत नाही, युनिट दिसत नाही. पण साडेतीन लिटर पाणी किती, हे आपल्या जिल्ह्यातल्या पोरीला विचारा. उन्हाळ्यात टँकरच्या रांगेत ती उभी राहिलेली असते. तिला त्या रकान्याचा अर्थ आपल्यापेक्षा चांगला कळतो.

शेतकरी बंधूंनो, हे सगळे शाळेपुरते नाही. उद्या कुणी येऊन म्हणेल, आमचे यंत्र हरित आहे, आमच्या कारभारात धूर शून्य आहे. कुणी गावाच्या माळावर मोठा प्रकल्प आणील आणि आकड्यांचा कागद पुढे करील. त्या वेळी गावात एक तरी तरुण असा हवा, की जो तो कागद हातात घेऊन शांतपणे विचारील: हा आकडा कशाने मोजला? यात काय धरले, काय सोडले? मीटर कुणापाशी आहे, आणि आम्हांला तो पाहता येईल का? हे प्रश्न विचारायला इंग्रजी लागत नाही, पदवी लागत नाही. पाचवीचा गुणाकार आणि काट्याची ओळख लागते. पहिली गोष्ट शाळा देते. दुसरी आपल्या जिल्ह्याने पिढ्यान्‌पिढ्या घामाचे मोल देऊन मिळवली आहे.

तेव्हा संगणक जरूर वापरा, मुलांना भरपूर वापरू द्या. काम झाले की बंद करा. मोजता येईल तेवढे मोजा. आणि मोजलेला आकडा सांगताना, तो कशाने मोजला हेही सांगत जा.